आपल्या गंगेचा खटला

२००६ सालच्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात कार्यभाराचे वाटप झाले, तेव्हा माझ्या नावासमोर 'द्वितीय वर्ष मराठी' या ओळीखाली प्राचार्यांनी पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहिली होती : 'पर्यावरणशास्त्र, अनिवार्य'. मी हरकत घेतली. माझा या विषयाशी काडीचाही संबंध नाही, असे म्हणालो. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "भूगोलवाल्यांचा कार्यभार पूर्ण भरलाय. तुमचा तीन तासिकांनी कमी पडतो. आणि कवितेत निसर्ग येतोच की." त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता, म्हणून मला उत्तर सुचले नाही.

हा विषय आला कोठून, याची चौकशी मी स्टाफरूममध्ये केली. कोणी म्हणाले विद्यापीठाने काढला, कोणी म्हणाले अनुदान आयोगाने. एक सहकारी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अहो, सुप्रीम कोर्टाची ऑर्डर आहे. नाही शिकवले तर अवमान व्हायचा." आम्ही सगळे हसलो. नंतर कळले की त्यांचे म्हणणे पहिल्या अर्ध्यापुरते तरी अक्षरशः खरे होते. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात कोणते पुस्तक असावे यावर आपण वर्षानुवर्षे अभ्यासमंडळात भांडतो. आणि येथे एका वकिलाने याचिका करून संबंध देशाला एक विषय शिकायला लावला होता.

या वकिलांचे नाव महेशचंद्र मेहता. एम. सी. मेहता याच नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत येतात. जन्म १९४६ चा, जम्मूकडच्या राजौरी भागातला. जम्मूत वकिली करून ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात आले. एका समारंभात कोणी तरी त्यांना टोमणा मारला, की ताजमहाल पिवळा पडतो आहे आणि तुम्हा वकिलांना त्याचे काही नाही, आणि त्यातून १९८४ ची ताजची याचिका झाली, असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी गंगेची याचिका आली. त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. भोपाळला वर्ष होऊन एकच दिवस लोटला होता. मेहतांची याचिका त्या कारखान्याविरुद्ध न्यायालयात आधीच होती. तिच्यातून घातक उद्योगाच्या 'निरपेक्ष दायित्वा'चे तत्त्व निघाले : असा धंदा करणाऱ्याने आपण काळजी घेतली होती, चूक दुसऱ्याची होती, अशी कोणतीही सबब सांगायची नाही, हानी झाली की भरपाई द्यायचीच. न्यायमूर्ती भगवती यांनी हा निकाल २० डिसेंबर १९८६ रोजी दिला. तो त्यांचा सरन्यायाधीशपदाचा अखेरचा दिवस होता.

पर्यावरणशिक्षणाचा आदेश २२ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तो सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा यांच्या पीठाचा, आणि तेही दोनच दिवसांनी निवृत्त झाले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला काही गोष्टी सुचत असाव्यात. या आदेशात शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करावा असे होतेच; शिवाय चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटे या विषयाला द्यावीत, असेही होते. गंगाखेडच्या टॉकीजमध्ये मी अशी स्लाइड कधी पाहिल्याचे आठवत नाही. गुटख्याच्या जाहिराती मात्र अजून पाठ आहेत. आदेशाची अंमलबजावणी होत नाही म्हणून मेहता पुन्हा न्यायालयात गेले, आणि २००३ च्या डिसेंबरात न्यायालयाने अभ्यासक्रमासंबंधी नव्याने निर्देश दिले. त्याच सुमारास अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी एक समान अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. भरुचा मूळचे शल्यचिकित्सक. म्हणजे कायद्याच्या माणसाने मागितलेला आणि वैद्यकाच्या माणसाने लिहिलेला हा विषय शिकवायला मराठीचा माणूस लागावा, यात विसंगत असे काही नव्हते. पन्नास तासिका, आठ घटक, आणि त्यांतल्या शेवटच्या पाच तासिका क्षेत्रकार्याच्या : नदी, डोंगर, शेत किंवा कारखाना स्वतः जाऊन पाहायचा आणि त्यावर लिहायचे.

मी राणीसावरगावचा. गंगाखेड तालुक्याच्या दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा आहेत, त्यांत आमचे गाव. उत्तरेला गोदावरी वाहते. पण ती आमच्यापासून दूर, खाली. डोंगराला कालवा चढत नाही. त्यामुळे आमच्या भागातील तांड्यांवरची माणसे दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. माझ्या वर्गातील दहा-बारा मुलामुलींची हजेरी दिवाळीनंतर अशीच कोरी राहत असे. ही मुले परत येत तेव्हा 'प्रकल्प' सादर करण्याची तारीख टळून गेलेली असे. नैसर्गिक संसाधनांच्या घटकात पाण्यासाठी होणाऱ्या स्थलांतरावर मी शिकवायचो, आणि ज्यांच्याविषयी शिकवायचो ते नेमके त्या दिवशी वर्गात नसायचे.

आम्हा मराठीवाल्यांची एक खोड असते. विषय कोणताही असो, आम्ही आधी शब्दाला हात घालतो. जनहित याचिका शिकवायला उभा राहिलो तेव्हा मी फळ्यावर 'याचिका' लिहून तिच्याखाली 'याचना' लिहिले. मग 'फिर्याद', 'अर्ज', 'हक्क' असे शब्द लिहिले आणि त्यांतले कोणते कोठून आले ते सांगू लागलो. शेवटी 'दाद' लिहिले. दाद हा फारसी शब्द, मूळ अर्थ न्याय. गझलेच्या शेराला आपण दाद देतो, म्हणजे त्याला न्याय देतो. कोर्टात दाद मागतो, तीही तीच. मुलांना हे आवडले. मला तर फारच आवडले. त्या भरात मी असेही म्हणून गेलो की पसायदान ही मराठीतली पहिली जनहित याचिका आहे, कारण त्यात मागणारा स्वतःसाठी काहीच मागत नाही. हे वाक्य पुढे मी दोन-तीन चर्चासत्रांतही वापरले, आणि प्रत्येक वेळी टाळ्या मिळाल्या. आज ते मला जरा उथळ वाटते. पसायदानात प्रतिवादी नाही. मेहतांच्या प्रत्येक याचिकेत प्रतिवादी आहे, त्याचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात कोणाचे तरी वडील कामाला आहेत.

तरीही दाद या शब्दाने मला एका निकालाच्या गाभ्यापर्यंत नेले, हे नाकबूल करता येणार नाही. जुन्या कायद्यात दाद मागायला ज्याचे स्वतःचे नुकसान झाले आहे तोच जाऊ शके. शेजाऱ्याच्या विहिरीत कोणी घाण टाकली तर शेजारीच जाणार, मी नाही. गंगेच्या खटल्यात हाच प्रश्न आला. मेहता गंगेकाठचे जमीनमालक नव्हते. मग त्यांना काय अधिकार? १२ जानेवारी १९८८ च्या कानपूर नगरपालिकेसंबंधीच्या निकालात न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे : ते काठचे मालक नसले तरी त्या नदीचे पाणी वापरणाऱ्यांच्या जीविताची काळजी असणारे नागरिक आहेत, आणि तेवढे पुरे. याच निकालात शाळेत पहिल्या दहा इयत्तांपर्यंत आठवड्यातून निदान एक तास पर्यावरण शिकवावे, अशीही सूचना आहे. नदीच्या खटल्यात शाळेचा तास कोठून आला, असे मला पहिल्या वाचनात वाटले होते. आता वाटते, न्यायाधीशांना दिसले असावे की आपण नगरपालिकेला आज आदेश देऊ, पण उद्या त्या नाल्यात कोण काय टाकणार हे आदेशाने ठरणारे नाही. १९९१ च्या मोठ्या आदेशाचे बीज तेथे आहे.

गंगेच्या खटल्याची सुरुवात मी मुलांना गोष्टीसारखी सांगितली. हरिद्वारकडे कोणी तरी पेटती काडी नदीत टाकली आणि पाण्यावर साचलेल्या रसायनांनी पेट घेतला. गंगा पेटली, ती तास न् तास पेटत राहिली. वर्ग स्तब्ध झाला. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "आपली गंगा का, सर?"

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त पाठ्यपुस्तकात म्हणतात. तोंडी ती गंगाच. गंगाखेड हे नावच सांगते. जनाबाईंचे गाव म्हणून आम्ही त्याचे नाव जगाला सांगतो, पण आमच्या आयाबाया तेथे जातात त्या गंगेवर जातात. मी त्या मुलीला सांगितले की नाही, ही उत्तरेकडची गंगा, कानपूरची, तेथे चामड्याचे कारखाने आहेत. ती "बरं" म्हणाली आणि वहीत काही तरी खोडले. खटला दुसऱ्याच्या नदीचा आहे म्हणताच वर्गातली उत्सुकता कशी उतरली, ते मला समोर दिसत होते. पन्नास तासिकांचा सगळा अभ्यासक्रमच असा होता. त्यात चिपको होते, सायलेंट व्हॅली होती, भोपाळ होते, गंगा होती. आपली गंगा नव्हती. तिच्यासाठी त्या शेवटच्या पाच तासिका होत्या.

त्या पाच तासिकांचे आम्ही काय केले ते सर्व अध्यापकांना ठाऊक आहे, पण लिहून ठेवले पाहिजे. बाजारात तयार प्रकल्पवह्या मिळू लागल्या. 'प्लास्टिक प्रदूषण', 'जागतिक तापमानवाढ', 'जलप्रदूषण', प्रत्येकी पंधरा पाने, चित्रांसह. मुले त्या उतरवून काढीत, काही तर नुसते वरचे नाव बदलीत. जलप्रदूषणाच्या एका वहीत मुळा-मुठेचे वर्णन होते, आणि पुणे ज्यांनी पाहिलेलेही नव्हते अशा सतरा मुलांनी त्या नदीला त्या वर्षी भेट दिल्याचे मी स्वाक्षरीनिशी प्रमाणित केले. दीडशे वह्या, एक आठवडा, आणि निकाल वेळेत लावण्याचे परिपत्रक. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तो शेवटी माझ्या लाल पेनापाशी येऊन संपत होता.

२००९ साली मात्र एका मुलाने खरी वही आणली. तो गंगाखेडजवळच्या काठावरच्या गावचा. सहा पाने, निळ्या शाईत, चित्र एकही नाही. शीर्षक होते, 'आमच्या गावची वाळू'. त्याने आठ दिवस पहाटे उठून घाटावर बसून ट्रॅक्टर मोजले होते. कोणत्या तारखेला किती खेपा, त्यांतल्या किती पावतीच्या, किती बिनपावतीच्या. आजोबांना विचारून लिहिले होते की पूर्वी उन्हाळ्यात वाळूत हातभर खणले की झिऱ्याला पाणी लागे. बाया तेथून घागरी भरत. आता तेथे पुरुषभर खड्डे आहेत, त्यांत पावसाळ्यात गुरे बुडतात आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरी तळ गाठतात. त्याचे कारणही त्याने आपल्या भाषेत बरोबर लिहिले होते : वाळू पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते; वाळू गेली की पाणी थांबत नाही, आणि नदीचे पात्र खाली गेले की विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते. भरुचांच्या पुस्तकात शेवटच्या घटकाकडून जे अपेक्षिले होते, ते मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. शेवटच्या पानावर एक वाक्य होते : माझे वडील वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत.

मी त्याला खोलीत बोलावले. वही चांगली आहे म्हणालो. मग म्हणालो, विषय बदल.

कारणे मी भराभर दिली. हे कागद बाहेर गेले तर तुझ्या वडिलांचे काम जाईल. बिनपावतीच्या खेपा लिहिणे म्हणजे कोणावर तरी आरोप करणे. ठेकेदार मोठी माणसे आहेत. तू परीक्षेला बसलेला विद्यार्थी आहेस, पोलीस पाटील नाहीस. यांतले एकही कारण खोटे नव्हते. त्या काळात वाळूच्या नादात तलाठ्यांवर, पत्रकारांवर हात टाकला गेल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर येतच असत. तो ऐकत राहिला. "बरं सर," म्हणाला. दोन दिवसांनी त्याने 'प्लास्टिक प्रदूषण' आणून दिले, आणि मी त्याला इतरांइतकेच गुण दिले. निळ्या शाईची वही माझ्या टेबलाच्या खणात राहिली.

एक कारण मात्र मी त्याला सांगितले नाही. त्याच वर्षी राणीसावरगावात माझे घर चालले होते. पायाचे झाले होते, स्लॅब बाकी होता. डोंगरातल्या गावाला वाळू खालूनच यायची, गंगेची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. स्लॅबला आणि गिलाव्याला मिळून मला काही ब्रास लागणार होती. ती रात्री यायची. ट्रॅक्टरवाला पहाटेच्या आधी दारात ओतून जाई, आणि पावती आहे का असे मी एकदाही विचारले नाही. तो मुलगा माझ्यासमोर बसला होता तेव्हा त्याच्या खेपांच्या तक्त्यातली एखादी खेप माझ्या अंगणात ढिगाने पडलेली होती, अशी शक्यता मला पूर्ण दिसत होती.

कानपूरच्या चर्मोद्योगाविषयीचा २२ सप्टेंबर १९८७ चा निकाल मी दर वर्षी वर्गात समजावून सांगत असे. त्यातला एक मुद्दा मला फार पटत असे : जो कारखाना कामगारांना किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही, तसेच जो आपले सांडपाणी शुद्ध करू शकत नाही त्यालाही नाही, त्याची आर्थिक कुवत हा येथे प्रश्नच नाही. पुढे न्यायमूर्ती म्हणतात की कारखाने बंद केल्याने बेकारी येईल, महसूल बुडेल, याची जाणीव आम्हाला आहे; पण लोकांचे जीवित, आरोग्य आणि पर्यावरण यांचे मोल अधिक आहे. २००९ नंतर हा मुद्दा सांगताना माझी नजर वर्गावरून खाली येऊ लागली. बेकारी येईल हे वाक्य दिल्लीत लिहिणे आणि ते ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या मुलासमोर वाचणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

मेहतांवर हीच टीका झालेली आहे, आणि ती हलकी नाही. त्यांच्याच एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिल्लीतील १६८ घातक कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. कामगारांना स्थलांतराबद्दल एक वर्षाचे वेतन द्यावे असे त्यात होते. पण ज्यांची नोंदच हजेरीपटावर नव्हती त्यांचे काय झाले, हे कोणत्या निकालात वाचायला मिळणार? समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी या वृत्तीला मध्यमवर्गीयांचा पर्यावरणवाद म्हटले, ते अशाच अनुभवातून. स्वच्छ हवा ज्यांना हवी ते याचिका करतात, आणि तिची किंमत जे देतात ते पक्षकारही नसतात. हे मला पटते. पण असे म्हणून सुटकाही होत नाही. त्या मुलाच्या गावच्या विहिरी आटल्या त्या मध्यमवर्गीयांच्या नव्हत्या. झिऱ्यावरून पाणी आणणाऱ्या बाया गिलाव्याची घरे बांधत नव्हत्या. वाळूचे घर मध्यमवर्गीयाचे होते, आणि तो मी होतो. गरिबाच्या पोटाचे कारण पुढे करून मी स्वतःच्या स्लॅबचे रक्षण केले, हे मला निकाल वाचता वाचता कळले, ते कळायला न्यायालयाची भाषा उपयोगी पडली. या अर्थाने मेहतांचा तास वाया गेला नाही. फक्त विद्यार्थी भलताच निघाला.

पुढे दोन गोष्टी घडल्या. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ठरवले की पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील वाळूसारख्या गौण खनिजाच्या उत्खननालाही पर्यावरणविषयक परवानगी लागेल. वर्तमानपत्रातली ती बातमी मी कात्रून खणातल्या निळ्या वहीत ठेवली. न्यायालयाने दिलेली कारणे त्या सहा पानांतल्या कारणांच्या फार जवळची होती, ती मुलाने तीन वर्षे आधी लिहिली होती.

दुसरी गोष्ट २३ सप्टेंबर २०१६ ची. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि आमच्याकडे टँकरच्या तारखांवरून बाया तिथी सांगत होत्या. ऊर्ध्व गोदावरीच्या धरणांतले पाणी जायकवाडीला सोडायचे की नाही, यावर नगर, नाशिक आणि मराठवाडा यांचा वाद बरीच वर्षे चालला होता. २००५ च्या कायद्याने झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मूलतः उचलून धरला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि फळ्यावर 'आपल्या गंगेचा खटला' असे लिहिले. दहा वर्षांपूर्वीची ती मुलगी तेथे असायला हवी होती. तिचे लग्न होऊन ती कोठे तरी परळीकडे राहते असे ऐकले होते. समोरच्या मुलांना मी दाद शब्द समजावून सांगितला. पसायदानाचे वाक्य गाळले. मग त्यांना सांगितले की या निकालाने गंगेला पाणी मिळाले तरी ते राणीसावरगावच्या डोंगरावर येणार नाही, आणि ज्या पात्रात ते येईल त्यात वाळू किती उरली आहे हे मोजायला कोणी तरी घाटावर बसावे लागेल. एका मुलाने विचारले, गुण किती? मी म्हणालो, पंचवीस. त्या वर्षी चार खऱ्या वह्या आल्या. एक विटभट्टीवरची, दोन टँकरवरच्या, आणि एक ऊसतोडीच्या अड्ड्यावरून लिहिलेली, उशिरा आलेली. ती मी तारीख न पाहता घेतली. बाकीच्या एकशे चाळीसांनी प्लास्टिकच लिहिले.

मेहता वकिली करता करता तरुण वकिलांना, कार्यकर्त्यांना शिकवत राहिले. १९९६ ला त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला, १९९७ ला मॅगसेसे, २०१६ ला पद्मश्री. शिक्षक म्हणून त्यांचा जो सर्वांत मोठा वर्ग आहे, त्यात ते कधीच गेले नाहीत. त्या वर्गावर त्यांच्या वतीने आमच्यासारखे उभे राहिले : भूगोलाचे, मराठीचे, कधी कधी शारीरिक शिक्षणाचेसुद्धा. याचिका करताना त्यांना आमचा चेहरा दिसत असेल का, असे मला अनेकदा वाटले आहे. १९९१ ला विषय मागितला आणि २००३ ला पुन्हा जाऊन मागावा लागला, म्हणजे त्यांना थोडी कल्पना आली असणार.

मी निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा करताना निळी वही घरी आणली. गेल्या दिवाळीत तो मुलगा भेटायला आला. आता तो पस्तिशीचा आहे, परभणीत एका दुकानात हिशेब लिहितो. वडील गेले. आम्ही ओसरीत बसलो. वर तोच स्लॅब. चहा झाल्यावर मी आत जाऊन वही आणली, त्याच्या हातात दिली आणि सोळा वर्षांपूर्वी जे सांगायचे राहिले होते ते सांगितले; माझ्या वाळूचेही सांगितले. तो काही बोलला नाही. पाने उलटत राहिला. कात्रण वाचले, घडी घालून परत ठेवले. खेपांच्या तक्त्यावर त्याचे बोट थांबले.

"हा आकडा कमी आहे, सर," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, तूच मोजला होतास."

"मोजला होता. पण आमच्या बापाच्या खेपा मी धरल्या नव्हत्या."

त्याने खिशातून पेन काढले, तक्त्याखाली थोडी आकडेमोड केली आणि आठही दिवसांचे आकडे दुरुस्त केले.